उलटा, गुणा, काटा : बैजिक अपूर्णांकांच्या भागाकाराविषयी

बीजगणिताच्या शालेय पुस्तकांत एक प्रकरण असे असते, की ते शिकवताना शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही. अवयव पाडायला शिकवून झालेले असतात. मग बैजिक अपूर्णांकांचा गुणाकार येतो आणि त्याच्या पाठोपाठ अर्ध्या पानात भागाकार उरकलेला असतो. नियम एका ओळीचा : भाजक उलटा करा आणि गुणा. त्याखाली दोन सोडवलेली उदाहरणे आणि दहा-बारा सोडवायची. मुलेही खूश असतात, कारण काटाकाट करण्यात एक मजा असते आणि उत्तर शेवटी नेहमी छोटे व सुबक येते. परीक्षेत हे हमखास गुण देणारे उदाहरण समजले जाते.

हे अर्धे पान आम्हाला खटकत आले आहे. पाठ्यपुस्तके, बाजारातील मार्गदर्शके आणि सरावसंच या दृष्टीने चाळून पाहिले, तर काही चांगले अपवाद सोडता सगळीकडे तोच साचा दिसतो. त्यात गणिताची चूक म्हणावी अशी फारशी नसते. पण जे सांगायला हवे ते सांगितलेले नसते, आणि जे सोडून दिले आहे ते पुढे अकरावी-बारावीत मुलांच्या आडवे येते. म्हणून त्याची थोडी सविस्तर झडती घेऊ.

उदाहरणादाखल त्या साच्यातलेच एक गणित घेऊ. (छपाईच्या सोयीसाठी अपूर्णांकाची आडवी रेघ आम्ही तिरपी केली आहे. फळ्यावर मात्र ती आडवीच काढावी.)

(क्ष² − ९)/(क्ष² − ५क्ष + ६) ÷ (क्ष + ३)/(क्ष − ४)

मार्गदर्शकातील उकल अशी असते. पहिल्या अपूर्णांकाचे अवयव पाडा, दुसरा उलटा करा :

(क्ष − ३)(क्ष + ३)/[(क्ष − २)(क्ष − ३)] × (क्ष − ४)/(क्ष + ३)

वरचा-खालचा (क्ष − ३) काटा, (क्ष + ३) काटा. उत्तर (क्ष − ४)/(क्ष − २). पूर्ण गुण.

आता वर्गात एखाद्या मुलाला सांगा, की मूळ उदाहरणात आणि उत्तरात क्षची एकच किंमत ठेवून पाहा. क्ष = ० घेतले तर मूळ उदाहरण (−९/६) ÷ (−३/४), म्हणजे २ आणि उत्तरही २. क्ष = १ घेतले तर दोन्हीकडे ३. छान. आता क्ष = ४ ठेवू. उत्तर सांगते ०. मूळ उदाहरणात पहिला अपूर्णांक ७/२ आहे, त्याला कशाने भागायचे? ७/० ने. अशी संख्याच नाही, म्हणजे भागाकार करायचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही उत्तर निर्धास्तपणे शून्य सांगते. क्ष = ३ ठेवले तर उत्तर −१ येते, पण मूळ उदाहरणातला पहिलाच अपूर्णांक ०/० होतो. क्ष = −३ ठेवले तर उत्तर ७/५ येते, पण मूळ उदाहरणात ० ला ० ने भागायला सांगितले आहे.

म्हणजे मूळ उदाहरणाला २, ३, ४ आणि −३ या चार किमती चालत नाहीत. उत्तरात त्यांपैकी एकच, म्हणजे २, दिसते. बाकीच्या तीन काटाकाटीत नाहीशा झाल्या. उत्तर चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे आहे. पूर्ण उत्तर असे हवे : (क्ष − ४)/(क्ष − २), मात्र क्ष ही २, ३, ४, −३ यांपैकी कोणतीही संख्या नसावी.

काही पुस्तकांत प्रकरणाच्या सुरुवातीला ‘छेद शून्य नसावा’ अशी सूचना एका चौकटीत दिलेली असते. ती दिली आहे याचे श्रेय द्यायलाच हवे. पण चौकटीचा पुढच्या उदाहरणांशी काही संबंध उरत नाही. शिवाय भागाकारात ती सूचना पुरतही नाही. या चार किमतींपैकी सर्वांत लबाड ४ ही आहे. मुलगा प्रामाणिक असेल तर भाजक उलटा केल्यानंतर समोर दिसणारे छेद तपासतो : क्ष² − ५क्ष + ६ शून्य नको, क्ष + ३ शून्य नको. त्यातून २, ३ आणि −३ मिळतात. पण (क्ष − ४) हा मूळचा छेद उलटापालटीत अंशात जाऊन बसला आहे आणि अंशावर कोणी संशय घेत नाही. म्हणून भागाकारात तीन ठिकाणी पाहावे लागते : पहिल्याचा छेद, दुसऱ्याचा छेद आणि दुसऱ्याचा अंश. दुसऱ्याचा अंश का? तो शून्य झाला तर भाजकच शून्य होतो म्हणून. ही साधी तीन वाक्ये आम्हाला फार थोड्या ठिकाणी आढळली.

‘एवढ्या बारकाव्याची आठवी-नववीत काय गरज?’ असा प्रश्न शिक्षक विचारतील. गरज अशी, की दोन-तीन वर्षांनी हाच विद्यार्थी अवकलन शिकू लागतो. तेथे पहिल्याच आठवड्यात (क्ष² − ९)/(क्ष − ३) या राशीची क्ष ३ कडे जाताना सीमा काढायची असते. राशीला ३ या ठिकाणी किंमत नाही, पण ३ च्या जवळ जाताना ती ६ च्या जवळ जाते, हा त्या धड्याचा सारा आशय आहे. ज्या मुलाला तीन वर्षे (क्ष² − ९)/(क्ष − ३) आणि क्ष + ३ या अगदी एकच गोष्टी आहेत असे शिकवले गेले, त्याला या धड्यात सांगण्यासारखे काय आहे हेच कळत नाही. तो ३ ठेवतो, ६ लिहितो आणि सीमा म्हणजे किंमत अशी समजूत करून घेतो. मग प्राध्यापक म्हणतात, शाळेत काही शिकवत नाहीत.

दुसरे कारण आमच्या स्वतःच्या कामातले आहे. संशोधनात सूत्रांची मांडामांड रोजची असते आणि आता ती पुष्कळदा संगणकावर होते. बीजगणित करणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांना (क्ष² − ४)/(क्ष − २) चे संक्षिप्त रूप विचारले, तर त्या क्ष + २ असे सांगून मोकळ्या होतात. अट सांगत नाहीत. संक्षिप्त न केलेली तीच राशी आकडेमोडीच्या आज्ञावलीत घालून क्ष = २ दिले, की संगणक भागाकार होत नसल्याचे कळवतो. कोणत्या ठिकाणी सूत्र बोलत नाही, हे माणसानेच लक्षात ठेवायचे असते. आणि ती ठिकाणे अनेकदा महत्त्वाची असतात. बहिर्गोल भिंगासमोर वस्तू व अंतरावर असेल आणि नाभीय अंतर न असेल, तर प्रतिमेचे अंतर वन/(व − न) येते (दोन्ही अंतरे धन धरली आहेत आणि व हे न पेक्षा मोठे आहे). त्याला व ने भागले की वर्धन मिळते : न/(व − न). व आणि न समान झाले की छेद शून्य. सूत्र बिघडले का? नाही. वस्तू नाभीवर आहे, भिंगातून निघालेले किरण एकमेकांना समांतर आहेत आणि ते कोठेच मिळत नाहीत. ‘व = न चालणार नाही’ ही अट म्हणजे प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे.

आता ‘उलटा करा’ याकडे वळू. भाजक का उलटा करायचा, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलेच नसते. पाचवी-सहावीत अंकांच्या अपूर्णांकांसाठी नियम सांगितला, आता अक्षरांसाठी तोच, एवढेच. आणि पाचवी-सहावीत तरी कारण सांगितले होते का? नियम मात्र फार जुना आहे. सातव्या शतकातील ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात तो आहे, आणि भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’तही आहे : भाजकाचे अंश-छेद अदलाबदल करून गुणावे. इतका जुना आणि इतका उपयुक्त नियम असल्यामुळेच कदाचित त्याचे कारण विचारायचे राहून गेले असावे.

कारण खरे तर दुधाच्या मापात दडलेले आहे. पाऊण लिटर दूध आहे आणि अष्टमांश लिटरचे माप आहे. किती मापे भरतील? पाऊण म्हणजे सहा अष्टमांश, म्हणून सहा. समान छेद केला की छेद हे नुसते मापाचे नाव होते. सहा ‘अष्टमांशां’ना एका ‘अष्टमांशा’ने भागायचे, म्हणजे ६ ला १ ने. बारा मीटरला तीन मीटरने भागताना आपण मीटरचा विचार करतो का? तसेच हे. हीच वाट अक्षरांना लावू. अ/ब ला क/ड ने भागायचे आहे. समान छेद बड घ्या. पहिला झाला अड/बड, दुसरा बक/बड. मापाचे नाव दोन्हीकडे एकच, म्हणून उत्तर अड/बक. आणि हेच अ/ब × ड/क. उलटा केलेला भाजक आपोआप समोर आला. कोणी आज्ञा केली म्हणून आला नाही.

आणखी एक वाट आहे. भाज्य आणि भाजक या दोन्हींना एकाच संख्येने गुणले तर भागाकार बदलत नाही, हे मुलांना ठाऊक असते. मग भाजक १ होईल अशी संख्या निवडा. क/ड ला ड/क ने गुणले की १ मिळतो, म्हणून भाज्यालाही ड/क ने गुणा, झाले. या वाटेचा एक फायदा असा, की क शून्य असेल तर ड/क अस्तित्वातच नाही हे गुणाकार मांडण्यापूर्वीच दिसते. जी अट वरच्या उदाहरणात हरवली होती, ती येथे दारातच उभी असते.

जुन्या मराठी शाळांत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा पाठ म्हणत. घोकंपट्टी म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो. पण पावकी म्हणणाऱ्या मुलाला एक गोष्ट कानाने कळलेली असे : पावाने गुणणे म्हणजे चाराने भागणे. व्यस्त संख्येची कल्पना त्या चालीत मुरलेली होती. ती पाठांतरे परत आणावीत असे आमचे म्हणणे नाही. मात्र ती गेल्यावर त्यांच्या जागी आपण काय आणले, हे विचारायला हरकत नसावी.

नियम येणे आणि नियमाचा अर्थ कळणे यांत किती अंतर पडू शकते, याचा एक प्रसिद्ध पुरावा लिपिंग मा यांच्या १९९९ मधील पुस्तकात आहे. त्यांनी २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. एक प्रश्न असा होता : पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि या भागाकाराला साजेशी एखादी गोष्ट, म्हणजे शाब्दिक उदाहरण, तयार करा. चिनी शिक्षक सर्व जण बरोबर उत्तरापर्यंत पोहोचले. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही पूर्ण बरोबर उत्तर देता आले नाही. गोष्ट रचताना तर अनेकांनी ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘दोनाने भागणे’ यांची गल्लत केली. पावणेदोन पोळ्या दोघांत वाटल्या, अशा धर्तीच्या त्या गोष्टी होत्या. हा निष्कर्ष वाचून आपण हसावे अशी परिस्थिती नाही. आपल्या शाळेच्या शिक्षकदालनात मधल्या सुट्टीत हाच प्रश्न विचारून पाहावा.

आता काटाकाट. ‘काटा’ हा शब्दच आम्हाला गैरसोयीचा वाटतो. सारखे दिसले की रेघ मारायची, असा त्याचा अर्थ मुले घेतात. (क्ष + ३)/(क्ष + ५) मध्ये क्ष काटून ३/५ लिहिणारी मुले दर वर्गात सापडतात. त्यांना रागावून उपयोग नाही. त्यांना कृती सांगितली होती, कारण नव्हे. अंश आणि छेद यांना एकाच (शून्येतर) राशीने भागले आहे, हे कारण आहे. म्हणून जे काटायचे ते पूर्ण अंशाचा आणि पूर्ण छेदाचा अवयव असले पाहिजे, बेरजेतले पद नव्हे.

येथे सरावसंचांचा एक दोष सांगायलाच हवा. त्यांत वर्गांच्या वजाबाकीची उदाहरणे खच्चून भरलेली असतात. (क्ष² − ९)/(क्ष − ३) घ्या. एखादा मुलगा अवयव न पाडता पदाखाली पद भागतो : क्ष² ला क्ष ने भागून क्ष, −९ ला −३ ने भागून +३. उत्तर क्ष + ३. बरोबर! असे हे एकदाच घडत नाही. (अ² − ब²)/(अ − ब) या जातीच्या प्रत्येक उदाहरणात ही चुकीची रीत बरोबर उत्तर देते. म्हणजे आपण मुलाची चूक वर्षभर शाबासकी देऊन पक्की करतो. १६/६४ मधील दोन्ही सहा काटून १/४ मिळवण्यासारखीच ही गंमत आहे. फरक एवढाच, की त्या गमतीला सगळे हसतात आणि हिला गुण मिळतात. अशा वेळी घनांचे एक उदाहरण द्यावे. (क्ष³ − २७)/(क्ष − ३) ला तीच रीत लावली तर क्ष² + ९ येते, आणि खरे उत्तर आहे क्ष² + ३क्ष + ९. कोणते बरोबर हे ठरवायला शिक्षकाची गरज नाही. क्ष = १० ठेवा. ९७३ ला ७ ने भागले की १३९ येतात. पहिले उत्तर १०९ देते, दुसरे १३९. (दहा ठेवण्यात एक सोय आहे : क्ष² + ३क्ष + ९ चे सहगुणक १, ३, ९ हे अंक होऊन समोर उभे राहतात.) एक किंमत ठेवून पडताळा घेण्याची ही सवय अर्ध्या मिनिटाची आहे आणि आम्ही पाहिलेल्या मार्गदर्शकांत ती जवळजवळ नाहीच.

अशीच दुसरी चूक ‘उलटा करा’ मधून येते. समांतर जोडणीतील दोन रोधांचा परिणामी रोध काढताना १ ला (१/र + १/स) ने भागावे लागते. नियम पाठ असलेला मुलगा प्रत्येक पद वेगळे उलटे करतो आणि र + स लिहितो. ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले तर ९ ओहम! विजेला दोन वाटा दिल्या तर अडथळा वाढेल कसा, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या तासाचा म्हणून गणिताच्या तासाला विचारला जात नाही. भाजक आधी एक अपूर्णांक करायचा, (र + स)/रस, आणि मगच उलटा. उत्तर २ ओहम.

चिन्हाबद्दलही दोन शब्द. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी प्रथम छापले ते १६५९ मध्ये, योहान रान या स्विस गणितज्ञाच्या पुस्तकात. उत्तर युरोपातील काही देशांत तेच चिन्ह दीर्घकाळ वजाबाकीसाठी वापरले जात होते. २००९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात तर भागाकारासाठी ते वापरू नये असेच म्हटले आहे. शाळेतून ते लगेच जाणार नाही, पण बीजगणितात ते घोटाळे करते हे नक्की. ६अ ÷ २अ चे उत्तर पुस्तके ३ देतात. पण डावीकडून उजवीकडे जायचे म्हटले, तर ६अ ला २ ने भागून अ ने गुणायचे, म्हणजे ३अ². अशा जागी ‘कंचेभागुबेव’ मदतीला येत नाही. तीन राशी असतील तर आणखी पंचाईत : प ÷ फ × ब यात ÷ नंतरचे सगळेच उलटे करणारी मुले थोडी नाहीत. आडवी रेघ काढून लिहिले तर हे वाद उद्भवतच नाहीत.

शेवटी उदाहरणांच्या निवडीविषयी. सगळी उदाहरणे कृत्रिम आहेत, ही तक्रार आम्ही करणार नाही. तालमीला कृत्रिम उदाहरणे लागतातच. पण काटले जाण्यालाही कधी अर्थ असतो, हे दाखवणारे एखादे तरी असावे. गावाला जाताना ताशी अ किलोमीटर आणि परतताना ताशी ब किलोमीटर वेग असेल, तर सरासरी वेग किती? एकेरी अंतर ग धरले तर २ग ला (ग/अ + ग/ब) ने भागायचे. उत्तर २अब/(अ + ब). जाताना ४० आणि येताना ६० असेल तर ५० नव्हे, ४८. येथे ग काटला गेला ही बातमी आहे : गाव जवळ असो की लांब, सरासरी तीच. ‘ग कुठे गेला?’ असा प्रश्न वर्गात एका तरी मुलाने विचारावा, अशी आमची इच्छा आहे.

शून्याच्या भागाकाराने थोरामोठ्यांनाही सतावले आहे. ब्रह्मगुप्ताने ०/० ला शून्य म्हटले. महावीराचार्यांनी नवव्या शतकात शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते असे म्हटले. भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ असे वेगळे नाव दिले. ‘लीलावती’त तर त्यांनी असे सांगितले, की संख्येला शून्याने गुणून पुढे शून्यानेच भागायचे असेल तर ती संख्या कायम ठेवावी, आणि त्यावर उदाहरणही घातले. आजच्या नियमांत ते बसत नाही. काही अभ्यासकांना मात्र त्यात सीमेच्या कल्पनेची चाहूल लागते. मुलांना हा वाद जरूर सांगावा. (क्ष − ३) वर रेघ मारताना आपण नेमके काय करतो आहोत, हाच प्रश्न त्यात आहे.

वेळ कोठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण दहा-बारा उदाहरणांऐवजी सहा घेतली आणि प्रत्येकाखाली ‘क्षच्या कोणत्या किमती चालणार नाहीत?’ आणि ‘एक किंमत ठेवून पडताळा घ्या’ अशा दोन ओळी छापल्या, तर पान तेवढेच राहील. सुरुवात या उदाहरणाने करता येईल :

(क्ष² − १)/(क्ष² + क्ष) ÷ (क्ष − १)/क्ष

सगळे काटून उत्तर १ येते. त्यात क्षच नाही. आता वर्गाला विचारा, क्षच्या कोणत्या तीन किमतींना हे उत्तर १ नाही, आणि त्यांपैकी कोणती कोठे लपली होती.